ती कशानं गेली, हे कुणी सांगायचं?



बाईचं मयत बायकांनीच न्हाणायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. पुरुष बाहेर तिरडी बांधत असतात, लाकडांचं बघत असतात आणि मागच्या अंगणात चारजणी आडोसा धरून उभ्या राहतात. पंचविशीपासून मी त्या चारजणींत उभी राहत आले आहे. विजयदुर्गच्या आसपासच्या वाड्यांत किती जणींच्या अंगावर शेवटचं पाणी घातलं, याचा हिशेब मी ठेवला नाही. एकजण मात्र विसरता येत नाही.

खाडीकाठच्या एका वाडीतली ती. नाव सांगत नाही. तिची मुलं आता मोठी झाली आहेत. वय तिशीचं, लग्नाला नऊ वर्षं झालेली. सकाळी निरोप आला, रात्री छातीत कळ आली नि गेली. आम्ही गेलो. साडी सोडली तेव्हा पाठीवर आणि दंडांवर वळ दिसले. काही जुने, पिवळे पडलेले. काही काळेनिळे, ताजे. मानेच्या एका बाजूलाही. आम्ही चौघींनी ते पाहिलं, मग एकमेकींकडे पाहिलं. आमच्यातली वयानं मोठी काकी हलक्या आवाजात म्हणाली, "गप रवा गो. गेली ती सुटली."

आम्ही गप राहिलो. हळद लावली, हिरवी साडी नेसवली, मळवट भरला. दुपारपर्यंत सगळं आटोपलं. काही दिवसांनी घरातला कर्ता पुरुष नोंद करून आला. मृत्यूचं कारण: हृदयविकार.

या गोष्टीला पंचवीसेक वर्षं झाली. गप राहिल्याचा सल आहेच, पण आज लिहायला बसले ती रडगाणं गाण्यासाठी नाही. मला विचारायचं आहे ते हे, की आम्ही बोललो असतो तरी आमचं बोलणं लिहून घ्यायला कागदावर जागा कुठे होती?

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा. त्यातलं आठवं कलम सांगतं, घरी मरण झालं तर नोंद कुणी द्यायची. कुटुंबप्रमुखानं. तो नसेल तर घरात हजर असलेल्या त्याच्या जवळच्या नातेवाइकानं. तोही नसेल तर घरात हजर असलेल्या, वयानं सर्वांत मोठ्या प्रौढ पुरुषानं. मूळ कायद्याची भाषा अशीच आहे, मी पदरची भर घातलेली नाही. पुढे दहाव्या कलमात सुईण आहे, दवाखान्यातला सेवक आहे, स्मशानाचा राखणदारसुद्धा आहे. जिनं मेलेल्या बाईच्या अंगावरून शेवटचा हात फिरवला ती मात्र कुठेच नाही. एखाद्या घरात सासू, जाऊ, नणंद अशा तीन बाया रात्रभर उशाशी बसलेल्या असोत. कायदा लिहिणाऱ्याला आठवला तो ओटीवरचा बाप्या.

डॉक्टरनं कारण लिहून दिलेलं नसेल, तर नोंदवहीत हा माणूस जे सांगेल तेच उतरतं. मृत्यूच्या माहितीपत्रकात एक प्रश्न आहे: मृत व्यक्ती स्त्री असेल तर तिचा मृत्यू गरोदरपणात, बाळंतपणात किंवा त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत झाला काय? प्रश्न फार मोलाचा आहे. पण उत्तर कोण देणार? दोन महिने पाळी चुकलेली, गावठी औषध घेऊन रक्तस्राव होऊन गेलेली मुलगी जर लग्नाची नसेल, तर तिचा बाप 'होय' म्हणेल काय? लग्न झालेली असली तरी दिराला तिच्या पाळीचं काय माहीत? माहीत असतं ते जावेला. तिला कुणी विचारत नाही.

हे आडगावापुरतंच आहे असं समजू नका. २०२० साली देशात जितके मृत्यू नोंदले गेले, त्यातल्या जेमतेम २२.५ टक्के मृत्यूंना वैद्यकीय कारणाचा दाखला होता. म्हणजे दर पाचांतल्या जवळजवळ चौघांबाबत डॉक्टरनं काही लिहिलंच नाही. आणि जे दाखले झाले त्यांत साठ टक्क्यांहून अधिक पुरुषांचे. पुरुष थोडे जास्त मरतात हे मान्य, पण इतके जास्त नव्हेत. दवाखान्यात नेऊन मरायचं भाग्यही बाईच्या वाट्याला कमी येतं, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे नेलंच तर देवगड, तिथून ओरोस, तिथून बांबोळी अशी वारी. बांबोळीला जीव गेला तर नोंद गोव्यात, कारण मरण जिथं घडलं तिथंच ते लिहिलं जातं. आमच्या जिल्ह्याच्या वहीत ती बाई मेलेलीच नसते.

आणखी एक गंमत पाहा. घरच्यांना जो मृत्यूचा दाखला मिळतो त्यावर मृत्यूचं कारण नसतंच. उताऱ्यात कारण उघड करू नये असं सतरावं कलम सांगतं. त्यामागे मृताची अब्रू झाकण्याचा हेतू असेल, तो वाईट म्हणवत नाही. पण परिणाम असा, की वहीत काय लिहिलंय हे लेकीला, बहिणीला कधी कळत नाही आणि चुकीचं असलं तरी कुणी हरकत घेत नाही. कारणाला किंमत आली ती करोनात. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पन्नास हजारांचं सानुग्रह अनुदान ठरलं, आणि नवऱ्याच्या कागदावर 'कोविड' हा एक शब्द असावा म्हणून विधवा बायका या टेबलावरून त्या टेबलावर फिरल्या. तेव्हा कुठे लोकांना कळलं, की माणूस कशानं मेला हे सांगणारा एक वेगळा कागद असतो. २०२३च्या दुरुस्तीनं दवाखान्यांना हे प्रमाणपत्र निबंधकाला देण्याबरोबर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणं बंधनकारक केलं, हे चांगलंच झालं. पण घरातल्या चुलीमागे मेली तिचं काय?

आमच्या किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' आहेत. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणाला लॉकियरसाहेब विलायतेहून दुर्बिणी घेऊन विजयदुर्गला आला. सूर्याभोवतीच्या वायूत काय काय आहे ते बघायला. पर्यटक अजून त्या ओट्यांवर उभे राहून फोटो काढतात. सूर्याच्या अंगात काय आहे ते इथून दिसलं, पण त्याच गावातली बाळंतीण कशानं मेली ते सव्वाशे वर्षांनीही दिसू नये?

त्या साहेबाच्या राज्यात मरणाची खबर द्यायचा गावचा कोतवाल. पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, जनावर किंवा साप, आणि 'इतर'. एवढ्याच खान्यांत माणसं बसवायची. सगळ्यांत मोठा खाना तापाचा. अलीकडे, २०२३ सालापासून, कुणबी नोंदी शोधण्यासाठी ही कोतवाल बुकं धुंडाळली गेली, मोडी वाचणाऱ्यांना भाव आला. जात कोणती ते पाहिलं. शेजारच्या रकान्यात पणजी कशानं गेली ते कुणी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

आणि तो तापाचा खाना अजून चालूच आहे. "काय झाला होता?" "ताप इलो नि गेली." २०११च्या पावसाळ्यात माझी चुलत वहिनी अशीच गेली. लावणीचे दिवस होते, दिवसभर चिखलात पाय. दुसऱ्या दिवशी ताप, पोटऱ्यांत असं दुखणं की हात लावू देईना, डोळे आधी लाल आणि मग पिवळे. कावीळ म्हणून झाडपाल्याचं औषध झालं. पाचव्या दिवशी लघवी कमी झाली ते फक्त तिच्या मुलीला माहीत होतं, कारण न्हाणीत तिला हात धरून तीच नेत होती. सहाव्या दिवशी गाडी केली, तोवर उशीर झाला होता. नोंद झाली काविळीची. लेप्टोस्पायरोसिसच होता असं मी छातीठोक म्हणत नाही. पण शेतात काम, पोटऱ्यांचं दुखणं, लाल डोळे, मग कावीळ आणि लघवी कमी, या क्रमानं गोष्ट सांगितली की कुठल्याही डॉक्टरच्या मनात तोच आजार आधी येईल. लवकर ओळखला तर साध्या डॉक्सीसायक्लीनच्या गोळ्यांनी बरा होतो. वहिनीच्या त्या पाच दिवसांची गोष्ट त्या आठवड्यातच कुणी लिहून घेतली असती, तर शेजारच्या कोपऱ्यात लावणी करणाऱ्या बायकांना गोळ्या तरी मिळाल्या असत्या.

दुसरं उदाहरण दोडामार्गचं. जानेवारी २०१६मध्ये केर गावात माकडताप निघाला, २०१७मध्ये तो बांद्याकडे पसरला. हा आजार कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात १९५७पासून माहीत आहे. गोचिडीतून येतो, काजूच्या हंगामात, लाकूडफाट्याला आणि पातेरा गोळा करायला रानात जाणाऱ्यांना चावतो. म्हणजे कुणाला, ते सांगायला नको. आजार निघाला तशा गोचिड्या आणि मेलेल्या माकडांचे नमुने तपासले गेले, तसंच व्हायला हवं. पण माकड कशानं मेलं हे विचारायची पद्धत आहे आणि घरी मेलेल्या बाईबद्दल विचारायची नाही, हे पाहून मला त्या माकडिणीचा हेवा वाटला. (एका सभेत मी हे बोलले तेव्हा पुरुष हसले. बायका हसल्या नाहीत.)

विचारायची पद्धत नाही असं म्हणणंही खरं तर चूक आहे. पद्धत आहे. तिला तोंडी शवचिकित्सा म्हणतात, इंग्रजीतून व्हर्बल ऑटॉप्सी. मृत्यूनंतर घरी जायचं, शेवटच्या आजाराची हकिगत क्रमानं विचारायची, सांगणाऱ्याच्याच भाषेत लिहून घ्यायची आणि डॉक्टरनं ती वाचून कारण ठरवायचं. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च'नं बालमृत्यू असेच मोजले. २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला तेव्हा सरकारी वहीतले बालमृत्यू आणि खरे बालमृत्यू यांतलं अंतर साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. देशपातळीवर नमुना नोंदणीच्या घरांमधून दहा लाख मृत्यूंचा अभ्यास झाला. त्यात हकिगत लिहून आणणारे डॉक्टर नव्हते, साधे प्रगणक होते. आणि प्रत्येक हकिगत दोन डॉक्टरांनी एकमेकांना न विचारता वाचली. सर्पदंशाचं घ्या. सरकारी दवाखान्यांच्या हिशेबानं वर्षाला हजार-दोन हजार मृत्यू. घरोघर विचारल्यावर निघाले सुमारे ४६ हजार. आमच्या कातळावर फुरशी किती आहेत हे ज्यांना माहीत आहे, त्यांना याचं नवल वाटणार नाही.

तेव्हा ज्या डॉक्टरमंडळींना वाटतं की बायकांच्या गप्पांतून कसलं शास्त्र निघतं, त्यांनी हे ध्यानात घ्यावं. महाराष्ट्राचा मातामृत्यूदर २०१८-२०मध्ये लाखात ३३, म्हणून आपण पाठ थोपटून घेतो. तो आकडासुद्धा दवाखान्याच्या रजिस्टरातून नव्हे, अशाच घरोघरच्या विचारपुशीतून येतो.

पण माझं भांडण इथेच सुरू होतं. घरी जाऊन विचारायचं, ते कुणाला? दारात जो भेटेल त्याला. आणि जिच्या मरणाला घरच कारण आहे तिचं कारण घरालाच विचारलं, तर काय उत्तर येणार? पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९०च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातल्या तीन जिल्ह्यांतल्या सुमारे चारशे खेड्यांत असा शोध घेतला होता. गरोदरपणात मेलेल्या बायकांपैकी १६ टक्के घरातल्या मारझोडीनं, छळानं मेल्या होत्या. सहातली एक! हे निघालं, कारण चिकाटीनं विचारणारं कुणीतरी होतं. आत्महत्यांचंही तसंच. २०१०च्या अंदाजात दिसलं की पोलिसांच्या नोंदीत पुरुषांच्या आत्महत्या किमान २५ टक्क्यांनी कमी लागतात आणि बायकांच्या किमान ३६ टक्क्यांनी. जळून मेलेल्यांचा हिशेब तर विचारूच नका. २००१ या एका वर्षात एक लाख सहा हजार बायका जळून गेल्या असाव्यात असा अंदाज 'लॅन्सेट'मध्ये २००९ साली आला. पोलिसांच्या आकड्यांच्या सहापट तो एकूण जळिताचा आकडा होता. स्टोव्हचा भडका, विहिरीत पाय घसरला, चक्कर आली, कळ आली. घरात ठरलेली ही चार वाक्यं आणि आपला देश त्यांवरच चालतो.

आता थोडं आपल्याबद्दल. रागावू नका. चळवळीनं या प्रश्नावर खूप केलं. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडाचा मृत्यू झाला, बायका रस्त्यावर आल्या. शवविच्छेदन झालं होतं, विष सापडलं होतं. तरी खून की आत्महत्या, हे ठरवायला सर्वोच्च न्यायालयात तिची पत्रं वाचावी लागली आणि १९८४मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्याच काळात, १९८३ साली, ४९८-अ आलं. लग्नानंतर सात वर्षांच्या आत संशयास्पद रीतीनं मेलेल्या बाईचं शवविच्छेदन व्हावं, ही तरतूद आली. हे आपल्या लढ्याचं फळ आहे. पण ते सात वर्षं आपल्या डोक्यात असं बसलं, की आठव्या वर्षानंतरचं मरण आपण नैसर्गिक धरायला लागलो. त्या दिवशी अंगणात माझ्याही मनात हेच आलं होतं, की लग्नाला नऊ वर्षं झालीत, आता कायद्यात काय बसणार? साफ चूक होती ती. मृत्यूच्या कारणाविषयी शंका असेल तर शवविच्छेदनाला पाठवावं, असं त्याच कलमात होतं आणि आताच्या नव्या संहितेतही आहे. तिथे लग्नाची वर्षं मोजायची नसतात. कुणीतरी शंका बोलून दाखवायची असते. अग्नी देण्याआधी.

दुसरी चूक याहून मोठी. आपण खून शोधत राहिलो, मरण शोधलं नाही. रक्त कमी होऊन धापा टाकत गेली, अंगावरून जात होतं ते कुणाला न सांगता गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं गेली, बाळंत होऊन त्रेचाळीसाव्या दिवशी गेली आणि एका दिवसानं मातामृत्यूतून सुटली. यांच्यासाठी मोर्चा निघाला नाही. मारलं नाही ना, मग नैसर्गिक. पण गाडी करायची की नाही हे कुणी ठरवलं, पैसे कुणाच्या हातात होते, "उद्या बघू" कोण म्हणालं, हे विचारलं की नैसर्गिक मरणातलं नैसर्गिक किती उरतं?

आशाताई हे विचारू शकतात, असं सरकार म्हणतं. पंधरा ते एकोणपन्नास वयाची बाई गेली की चोवीस तासांत कळवायचं, मग मातामृत्यू असेल तर चौकशी. नियम चांगलाच आहे. पण आशा त्याच वाडीतली सून. त्याच घराकडून पाणी भरणारी. ती एकटी ओटीवर बसून काय विचारणार? तिच्या मागे कुणी असायला नको का?

म्हणून आमच्या गटानं वही घातली आहे. दिवसकार्य होईपर्यंत बायका त्या घरी जातच असतात, मागच्या दारानं. पुरुष ओटीवर, बायका पडवीत. तिथे जी हकिगत सांगितली जाते ती आम्ही घरी येऊन लिहितो. आधी काय झालं, मग काय झालं, किती दिवस, पाळी कधीची, लघवी, श्वास, रक्त, कुणाला पहिल्यांदा सांगितलं, न्यायचं कधी ठरलं आणि कुणी ठरवलं. सासूला एकटीला, जावेला एकटीला, लेकीला एकटीला. मुसलमान मोहल्ल्यात गुसल देणारी खाला आता आमच्यात आहे, तिची नजर आमच्या सगळ्यांपेक्षा पक्की आहे. वहीत नाव लिहीत नाही, खूण लिहितो. नावांची यादी वेगळ्या घरी असते. ओळखीच्या एक निवृत्त डॉक्टरबाई सहा महिन्यांनी एकदा बसून वाचतात आणि आमचे अंदाज खोडतात, बऱ्याचदा.

अडचणी आहेत. एका घरानं आमच्याशी बोलणं टाकलं आहे. आमच्यातल्याच एकीनं विचारलं, "मेलेलीक उकरून काय गावतला?" तिला मी उत्तर देऊ शकले नाही, पण पुढच्या मयताला तीच आली नि तिनंच सांगितलं की पायांवर सूज होती. इतर ठिकाणच्या गटांनी अशी वही घातली असेल तर आम्हाला कळवावं. विशेषतः पोलिसांना कळवण्याजोगं काही दिसलं तर तुम्ही नक्की कोणत्या घटकेला, कुणाच्या नावानं कळवता, हे आम्हाला शिकायचं आहे. आमचं त्यावर अजून एकमत नाही.

ग्रामसभेत आम्ही एक मागणी मांडली आहे: घरी मेलेल्या बाईच्या माहितीपत्रकावर तिला न्हाणणाऱ्या बायकांपैकी निदान एकीचं म्हणणं जोडावं. ग्रामसेवक म्हणाले, नमुन्यात तसा रकाना नाही. आम्ही म्हटलं, मागच्या पानावर लिहा. विषय पुढच्या सभेवर गेला आहे.

त्या अंगणातल्या चौघींपैकी काकी आणि आणखी एकजण आता नाहीत. उरलेल्या दोघींनी वहीचं पहिलं पान तिचं लिहिलं. किती वळ, कुठे, कोणत्या रंगाचे. मानेची बाजू कोणती यावर आमचं दोघींचं जुळेना. मग दोघींचं वेगवेगळं लिहिलं. कारणाचा रकाना मोकळा ठेवला आहे.